तुम्ही विचारलेत म्हणून : गुरूवर जमीन कुठे आहे?

व्याख्यानाचा विषय कोणताही असो, शेवटी कोणीतरी विचारतेच : गुरूच्या ढगांखाली जमीन कुठे लागते? लागत नाही, असे म्हटले की मी उत्तर टाळतो आहे असा समज होतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो : मग तिथे अभ्यासायचे तरी काय? म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

गुरू मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे. खाली जावे तसतसा वायू दाटत द्रवासारखा होतो आणि पृथ्वीवरील हवेच्या दहा लाख पटींहून अधिक दाबाखाली हायड्रोजनमधून धातूप्रमाणे वीज वाहू लागते. पण येथे वातावरण संपले असे म्हणता येईल अशी सीमा या वाटेवर येत नाही. गुरूच्या कक्षेत गेलेल्या जूनो यानाच्या गुरुत्वमापनांनुसार गाभासुद्धा काठाशी विरघळल्यासारखा पसरट असावा.

तरीही मला खरी सल आहे ती 7 डिसेंबर 1995 ची. गॅलिलिओ यानाने सोडलेला प्रोब, म्हणजे वातावरणात उतरून मोजमापे घेणारे छोटे यान, त्या दिवशी सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरला. उष्णतारोधक कवच जळत असतानाही तो तगला, छत्री उघडली, आणि जवळपास तासभर त्याने मोजमापे पाठवली. खोलीबरोबर वारे मंदावले नाहीत, म्हणजे ते केवळ वरवरच्या सूर्यप्रकाशावर चालत नसावेत. निऑन अपेक्षेच्या जेमतेम दशांश निघाला. खोलवर पडणाऱ्या हेलियमच्या पावसात तो विरघळून खाली जातो, असे त्याचे स्पष्टीकरण आज दिले जाते. पाण्याचे अपेक्षित दाट ढग मात्र भेटलेच नाहीत. प्रोब नेमका कोरडी हवा खाली उतरणाऱ्या एका उष्ण पट्ट्यात शिरला होता, आणि असे पट्टे गुरूचा फारच थोडा भाग व्यापतात. सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही की पाण्याचे प्रमाण खोलीबरोबर वाढत होते आणि ते वाढत असतानाच, पृथ्वीच्या सुमारे 22 पट दाबाशी, संदेश थांबले.

तेव्हाचा मी म्हणत असे की जे मोजले ते खरे, सिद्धान्त बदला. उपकरणांनी चुकीचे सांगितले नव्हते, हे मी आजही म्हणतो. पण एका जागेचे माप संपूर्ण ग्रहाच्या नावावर कसे लावायचे, याचे समाधानकारक उत्तर ना तेव्हाच्या माझ्याकडे होते, ना आजच्या माझ्याकडे आहे. जूनोने विषुववृत्ताजवळ पाणी मोजले; 2020 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तेथील रेणूंपैकी सुमारे पाव टक्का रेणू पाण्याचे आहेत. परंतु तेही विषुववृत्तापुरतेच. त्याच यानाने वाऱ्यांचे पट्टे सुमारे 3,000 किलोमीटर खोल जातात हे दाखवले, आणि तेही आत न उतरता, केवळ गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून. मग पुन्हा प्रोब पाठवण्याचा हट्ट कशाला, असे कोणी विचारले तर मला थांबून विचार करावा लागतो. निऑनची कमतरता मात्र कक्षेतून कळली नसती, आणि युरेनस व नेपच्यूनच्या वातावरणात तर अजून एकही प्रोब उतरलेला नाही.