तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं विकलंत का?

‘तुमचा येशू तर असेल नसेल ते विकून टाक म्हणतो. मग तुमचं घर, गाडी, बँकेतल्या ठेवी?’ हे मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि आमच्याच चर्चच्या तरुण संघातली मुलंही विचारतात. प्रश्न रास्त आहे.

येशूने हे एका श्रीमंत माणसाला सांगितलं. तो धावत आला, गुडघे टेकले आणि सार्वकालिक जीवन मिळायला काय करू म्हणून विचारू लागला. लहानपणापासून आज्ञा पाळत आलेला सज्जन माणूस. येशूचं चरित्र सांगणारा मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटलं. मग सांगितलं, जा, सगळं विक, गोरगरिबांना दे, आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती.

ऐकणाऱ्यांच्या लक्षात विकणं राहतं आणि गोरगरीब निसटतात. माझं उत्तर तिथून सुरू होतं. येशूच्या सांगण्यात वस्तू टाकून द्यायची नसते, ती कुणाच्या तरी हातात पडायची असते. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धं दिलं आणि ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत करतो म्हणाला. उरलेलं येशूने मागितलं नाही. मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी तो पाहुणा म्हणून गेला. घर विका, असं त्यांना म्हणाला नाही. किती द्यायचं याचा एकच आकडा शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, नाही.

पण म्हणून ‘तो हुकूम त्या एकट्यापुरता होता’ असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या कैसरियाचा बिशप बासिल याने प्रवचनात श्रीमंतांना बजावलं होतं, की तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्याचा आहे, तुझ्याकडे कुजत पडलेले जोडे अनवाण्याचे आहेत. हे वाचल्यापासून माळ्यावरच्या ट्रंकेकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

आणि द्यायचं म्हणजे काय द्यायचं? 2019 साली सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत कपडे गोळा केले. गाठोडी सोडली तर चेन तुटलेल्या पँटी, विटलेले परकर, एकाच पायाची चप्पल. मला मलाखी संदेष्टा आठवला. लोक आंधळी, लंगडी जनावरं अर्पण म्हणून आणत होती, तेव्हा देव त्याच्या तोंडून विचारतो, हेच तुझ्या सुभेदाराला नेऊन दे बरं, तो खूश होईल का? आपल्याला नको झालेलं देणं ही घराची साफसफाई झाली. ती जरूर करावी, पण तिला दान म्हणू नये. त्या दिवशी एका आजींनी नव्या कोऱ्या दोन नऊवारी आणल्या होत्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. मला त्यांच्याजवळ जास्त बोलवलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त सतावते. आपण सोडतो तेव्हा झळ कुणाला लागते? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा बंधुसंघ सुरू केला. त्यांच्या त्यागाबद्दल मला अपार आदर आहे. पण टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, किराण्याचे पैसेही भलतीकडे जात, आणि चूल पेटवायची काळजी घरच्या बाईला असे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे टिळकांवर भाषणं पुष्कळ होतात. त्यात त्या चुलीचा उल्लेख क्वचितच येतो. येशूने तर आपलं धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना खडसावलं होतं. देवाच्या नावावर दिलं तरी घरच्यांचा हक्क बुडत नाही. दुसऱ्याच्या पानातलं उचलून दान करणं मला कधीच पटणार नाही.

तेव्हा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सगळं विकलेलं नाही. राहतं घर आहे, आईच्या औषधपाण्यापुरत्या ठेवी आहेत, आणि ते सोडायचा विचार सध्या नाही. गावाबाहेर एक प्लॉट मात्र आहे. घर बांधायला घेतला नव्हता, भाव वाढेल म्हणून घेतला, आणि भाव वाढलाही. त्याच्याशेजारी वीटभट्टी आहे. तिथल्या मजुरांची मुलं हंगाम सुरू झाला की शाळेतून गळतात. वसतिगृहात त्यांची सोय होऊ शकते, फी भरणारं कुणी असेल तर. बायकोशी बोललो, मग दोन्ही मुलांशी. धाकट्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःहून हो म्हणाला. गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली आहे. कुणाला घ्यायचा असेल तर जरूर कळवा.