पिगपेन टेपवरच सापडतो

बुधवार, रात्री उशिरा

आज पुन्हा ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची १३ फेब्रुवारी १९७० ची रात्र लावली. न्यूयॉर्कचा फिलमोर ईस्ट हा हॉल, उशिराचा शो. 'डार्क स्टार', 'द अदर वन' आणि 'टर्न ऑन युअर लव्हलाइट', तिन्ही सुमारे अर्ध्या-अर्ध्या तासाची, आणि एकातून दुसऱ्यात शिरताना कुठेही थांबा नाही. अधिकृत सीडी निघाली १९९६ मध्ये. तोवर ही मैफल कॅसेटीवरून कॅसेटीवर उतरवून घेत लोकांनी जपली. प्रत्येक नव्या प्रतीत खरखर थोडी वाढायची, तरी मागणी कमी झाली नाही.

मूळ टेप 'बेअर'ची, म्हणजे आउस्ली स्टॅन्लीची. हा बँडचा साउंड इंजिनिअर, आणि त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत सर्वांत शुद्ध एलएसडी, म्हणजे भास घडवणारं नशेचं रसायन, बनवणारा म्हणून गाजलेलाही हाच. विकायला म्हणून तो काही टेप करत नव्हता. आपण लावलेला आवाज आज कसा बसला, उद्या कुठे सुधारायचं, हे ऐकायला तो टेप चालू ठेवायचा. त्यांना 'सॉनिक जर्नल' म्हणायचा. या ध्वनिमुद्रणाचा सगळा जीव मला त्यातच वाटतो. अल्बम करताना जे कापलं गेलं असतं, ते इथे जागच्या जागी आहे.

'डार्क स्टार'चंच बघा. १९६८ च्या तबकडीवर हे गाणं जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. इथे मधे एका ठिकाणी गाणं असं उरतच नाही. गिटारचा आवाज व्हॉल्यूमच्या बटणावरून हळूहळू फुगतो, विरतो, आणि आता पुढे कोण काय वाजवणार हे वाजवणाऱ्यांनाही माहीत नसावं असं वाटतं. मग फिल लेशचा बेस हळूच एक वाट धरतो, गिटारवाला जेरी गार्सिया त्याच्या मागे जातो आणि बघता बघता सगळा बँड आनंदाने धावायला लागतो. तो क्षण आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

'द अदर वन'मध्ये दोन ड्रमर एकमेकांना भिडतात. त्यातला मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँना भेटला होता आणि त्यांच्या लयकारीने पार भारावून गेला होता. पुढे तो झाकीरभाईंबरोबर 'दिगा ऱ्हिदम बँड'मध्ये वाजवायचा. माहीमच्या त्या घरातल्या लयीचा एक धागा फिलमोरपर्यंत पोचलेला आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

पण मी ही टेप ऐकते ती पिगपेनसाठी. खरं नाव रॉन मॅकर्नन, बँडमधला ब्लूज गाणारा. वडील रिदम अँड ब्लूज वाजवणारे रेडिओ डीजे, त्यामुळे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीतातून आलेलं गाणं, घरातच. बाकीचे अंतराळात निघालेले असताना हा पक्का जमिनीवर, ब्लूजच्या. 'लव्हलाइट' मुळात बॉबी 'ब्लू' ब्लँडचं, १९६१ चं. पिगपेन त्यातले शब्द कधीच संपवून टाकतो आणि मग नुसता बोलत सुटतो. श्रोत्यांना डिवचतो, चुचकारतो, मधेच एखादी ओळ गातो. मागे बँड खाली उतरतो, त्याच्या एका हुंकारावर पुन्हा उसळतो. हे लिहून आणलेलं नाही, हे कुठल्याही ऐकणाऱ्याला कळावं.

१९७० च्या 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी' या दोन्ही गाजलेल्या अल्बमांत मुख्य गायक म्हणून त्याच्या वाट्याला एकेकच गाणं आलं. तेवढंच ऐकणाऱ्याला तो बँडमधला एक किरकोळ माणूस वाटेल. हा अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणेन. त्या वर्षांत स्टेजवर समोरचा हॉल उभा करायचा तो यानेच.

८ मार्च १९७३ रोजी तो गेला. वय फक्त २७. त्याच वर्षी बेअरने याच फेब्रुवारीतल्या फिलमोरच्या टेपांतून निवडून 'बेअर्स चॉइस' काढला. त्याची सुरुवातच 'केटी मे'ने होते. लाइटनिन' हॉपकिन्सचं गाणं, बँड गप्प, पिगपेन एकटा अकूस्टिक गिटार घेऊन. त्याच अल्बमवर हाउलिन' वुल्फचं 'स्मोकस्टॅक लायटनिंग'ही आहे, चांगलं अठरा मिनिटांच्या आसपास, कसलीही घाई नाही. गिटार थोडी अडखळली तरी चालेल, पण ब्लूजमध्ये ही सावकाशी हवीच.

कुणाला ग्रेटफुल डेड ऐकायचं असेल तर सगळे 'अमेरिकन ब्यूटी' हातात देतात. मी आधी ही रात्र देईन, आणि 'लव्हलाइट' मधेच बंद करू नको, एवढंच बजावीन.