तुम्ही विचारलंत म्हणून: लीक आतून लोण्यासारखं मऊ आणि वरून चकचकीत कसं करायचं?

सोया सॉस, मिरिन (तांदळाचं गोड जपानी मद्य) आणि आल्याच्या गोडसर-खारट रसात मंद आचेवर शिजवलेल्या लीकबद्दल, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या जाड पांढऱ्या दांड्याच्या भाजीबद्दल, एकच प्रश्न फिरून फिरून येतो. ‘रस आटून खारट झाला, पण लीकच्या दशा दातात अडकतातच. आणखी शिजवलं तर तळाला करपतं. चुकतं कुठे?’

चुकतं ते रसाच्या वेळेत. बहुतेक जण सगळा सोया सॉस, सगळी साखर आणि वर व्हिनेगरसुद्धा पहिल्याच मिनिटाला ओततात. लीक मऊ व्हायला पाणी आणि वेळ लागतो. रसाला चमक यायची तर पाणी जावं लागतं. एकाच वेळी दोन्ही करायला गेलं की रस आधी आटतो आणि लीक मागे राहतं. त्यात आंबटपणा भाजी मऊ होऊ देत नाही. पेशींच्या भिंती धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सावकाश विरघळतं, म्हणून व्हिनेगरमध्ये लीक कितीही वेळ ठेवलं तरी चिवटच राहतं. तेव्हा आधी फिक्या रसात लीक पूर्ण शिजवायचं, मग झाकण काढून रस आळवायचा आणि आंबट सगळ्यात शेवटी घालायचं. या क्रमावर मी अडून बसते, कारण मसाला कुठलाही घाला, पदार्थ साधतो तो क्रमामुळेच.

आता लीककडे येऊ. पानं आणि मुळं धरून साधारण एक किलो लीक घेतलं, तर पांढरा आणि फिकट हिरवा भाग मिळून 600 ग्रॅमच्या आसपास हाती लागतो. पुढची सगळी मापं या 600 ग्रॅमसाठी आहेत. दांडे सारख्या जाडीचे निवडा, 3 सेंटीमीटर व्यासाचे उत्तम. एक बोटाएवढा आणि एक मनगटाएवढा असेल तर दोन्ही एकत्र कधीच शिजत नाहीत. हाताने दाबून पाहा. दांडा घट्ट हवा, पण मधोमध काठीसारखं कडक काही लागलं तर तो बाजूला ठेवा. हंगामाच्या शेवटी लीकमध्ये फुलाचा दांडा तयार होतो. कापल्यावर पापुद्र्यांऐवजी मध्ये भरीव, गोल गाभा दिसतो. हा गाभा तासभर शिजवूनही मऊ होत नाही. दुसरं लीक नसेल तर दांडा उभा चिरून गाभा उपसून टाका आणि उरलेलं वापरा.

पांढरा भाग लांब यावा म्हणून लीकभोवती वाढताना माती चढवतात. ती माती पानांच्या बेचक्यातून आत उतरते. म्हणून नुसत्या बाहेरून धुतलेल्या लीकमध्ये हमखास कचकच लागते. ती सगळ्यात जास्त असते पांढरं संपून हिरवं सुरू होतं तिथे. गडद हिरवी पानं कापून टाकल्यावर वरच्या टोकापासून खाली फिकट हिरवा भाग संपेपर्यंत एक उभी चीर द्या. मग दांडा उलटा, म्हणजे चिरलेलं टोक खाली करून नळाखाली धरा आणि पापुद्रे बोटांनी उघडत जा. उलटा धरला की माती बाहेर वाहून जाते, सुलटा धरला तर आणखी आत जाते. त्यानंतर बाहेरचा एक पापुद्रा, आणि तो कागदासारखा कोरडा असेल तर दोन, काढून टाका. दशांची निम्मी तक्रार या बाहेरच्या पापुद्र्याची असते.

उरलेली निम्मी तक्रार तुकड्याच्या लांबीची. लीकचे तंतू उभे धावतात. म्हणजे तुकडा जितका लांब, तितकी दातात येणारी दशी लांब. ताटात अख्खे अर्धे दांडे देखणे दिसतात, पण ते खायला सुरी लागते. मी 4 सेंटीमीटरचे तुकडे सुचवते. एवढा तुकडा उभा राहतो, शिजल्यावर सुटत नाही आणि चमच्याच्या कडेने तुटतो. मुळाकडची चकती अगदी पातळ कापा, कारण तिच्यामुळेच खालच्या तुकड्याचे पापुद्रे एकत्र राहतात.

तुकडे थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा आणि मग कापलेल्या बाजू फडक्याने खरोखर कोरड्या करा. ओली बाजू तेलात पडली की आधी पाणी उडेपर्यंत तापमान 100 अंशांपाशीच अडकतं. खमंग रंग यायला त्याच्या बऱ्याच वर जावं लागतं, आणि तोवर लीक आतून मऊ पडून पसरतं.

भांडं 22 सेंटीमीटरचं, जाड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं घ्या. हा आकडा मी मुद्दाम देते. 600 ग्रॅम तुकडे उभे मांडले की या भांड्यात साधारण अर्धी जागा उरते आणि पाव लिटर रस एका सेंटीमीटरहून थोडा वर येतो, तुकड्याच्या उंचीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. तेच 30 सेंटीमीटरच्या पसरट तव्यात केलं तर रस तळाला नुसता लागतो आणि दहा मिनिटांत उडून जातो. भांडं मोठंच असेल तर रस वाढवण्यापेक्षा लीक वाढवा.

आच मध्यम. दोन टेबलस्पून वास नसलेलं तेल तापवून तुकडे कापलेल्या बाजूवर उभे करा आणि चार-पाच मिनिटं हलवू नका. मधला एखादा तुकडा उचलून बघा: कडेच्या वर्तुळांना गडद सोनेरी रंग आणि मध्यभागी फिकट सोनेरी रंग आला की उलटा. दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं पुरेत. काळे डाग पडले तर तो पापुद्रा काढून टाका. करपलेल्या लीकचा कडवटपणा रसात उतरतो आणि साखरेने झाकला जात नाही. रंग आल्यावर आल्याच्या चार चकत्या आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या तुकड्यांच्या मधल्या जागेत टाका. अर्धं मिनिट, वास सुटेपर्यंत. लसूण सुरुवातीला घातला तर लीकला रंग येईपर्यंत तो जळून जातो.

आता पहिला रस: 200 मिली बिनमिठाचा स्टॉक (चवदार पाणी, कृती पुढे आहे), 30 मिली मिरिन आणि फक्त 15 मिली सोया सॉस, म्हणजे एक टेबलस्पून. उकळी आली की मिरिनमधला मद्याचा उग्र वास जाण्यासाठी एक मिनिट उघडंच ठेवा. मग आच अगदी कमी करा आणि झाकण लावा. रसात कडेला एखाद-दुसरा बुडबुडा उठत राहिला पाहिजे. खळखळ उकळलं तर तुकडे एकमेकांवर आपटून पापुद्रे सुटतात. बारा मिनिटांनी तुकडे उलटे करा, चिमट्याऐवजी दोन चमच्यांनी, कारण चिमटा दाबला की मधला भाग टुणकन बाहेर येतो. एकूण वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. सुरीचं टोक वरून मध्यात खुपसून तपासू नका. मधला भाग लवकर शिजतो आणि फसवतो. टोक बाजूने, सगळ्यात बाहेरच्या पापुद्र्यात घाला. तिथे अडखळलं नाही तरच झालं. अडखळलं तर 50 मिली गरम पाणी घालून आणखी पाच-सात मिनिटं द्या. या टप्प्यावर रस फिका आहे, त्यामुळे कितीही वेळ लागला तरी बिघडत नाही.

शिजताना लीकची चव बदलते ती अशी. चिरल्यावर जो झोंबरेपणा येतो, तो पेशी फुटून तयार होणाऱ्या गंधकाच्या संयुगांमुळे. ती तयार करणारं विकर उष्णतेने निकामी होतं आणि उरलेला उग्रपणा उडून जातो किंवा सौम्य होतो. मागे राहते ती लीकची स्वतःची गोडी. म्हणूनच साखर बेतानेच घालावी. रसाने या गोडीला जोर द्यावा, तिला बुडवू नये.

लीक शिजलं की झाकण काढा. आता उरलेला एक टेबलस्पून सोया सॉस आणि एक चहाचा चमचा साखर घाला आणि आच मध्यम करा. पाच ते सात मिनिटं रस चमच्याने तुकड्यांवर घालत राहा. बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. आधी ते बारीक, चपळ आणि फेसाळ असतात. रस आळत आला की मोठे, सुस्त आणि चकचकीत होतात. चमचा तळावरून ओढल्यावर रेघ क्षणभर दिसून मिटली की आच बंद करा. तेव्हा रस चार-पाच टेबलस्पून उरलेला असतो. यापुढचा एक मिनिटसुद्धा जास्त होतो, कारण थंड होताना रस आणखी दाटतो.

खाली उतरवल्यावर एक चहाचा चमचा राइस व्हिनेगर आणि एक चहाचा चमचा भाजलेल्या तिळांचं तेल. हे तेल फोडणीला वापरू नका. त्याचा सगळा मोलाचा भाग म्हणजे वास, आणि तो आचेवर उडतो. दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात रस पापुद्र्यांत शिरतो.

मिठाचा हिशेब समजून घेतला तर कुठल्याही रसाला लावता येतो. नेहमीच्या जपानी गडद सोया सॉसमध्ये साधारण 16 टक्के मीठ असतं. 30 मिलीत म्हणजे जवळपास पाच ग्रॅम. 600 ग्रॅम लीकला ते सुमारे 0.8 टक्के पडतं, आणि भाजीला तेवढंच शोभतं. स्टॉक तयार घेतलेला, खारा असेल तर हा हिशेब लगेच कोसळतो. फिकट रंगाचा उसुकुची सोया सॉस दिसायला सौम्य, पण गडदपेक्षा जास्त खारट असतो. तो वापरलात तर दीड टेबलस्पूनवर थांबा. तरीही रस खारट झालाच तर साखर वाढवू नका, त्याने तो खारट आणि गोड दोन्ही होतो. थोडं पाणी घाला, लीक बाहेर काढा आणि अर्धाच रस वर घ्या.

मिरिनऐवजी काय, हेही विचारलं जातं. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे 14 टक्के मद्य असतं आणि वजनाच्या जवळपास निम्मी साखर. मद्य नको असेल तर दोन टेबलस्पून पाण्यात तीन चहाचे चमचे साखर विरघळवून घाला. चमक येते, सुगंध थोडा कमी पडतो. मधही चालतो, पण तो लवकर काळा पडतो, म्हणून रस आळवताना शेवटच्या दोन मिनिटांत घालावा.

स्टॉकवर मात्र वेळ खर्च करा. मांसाहारी स्टॉकची गरज नाही. 5 ग्रॅम कॉम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा लिटर थंड पाण्यात अर्धा तास भिजवा, अगदी मंद आचेवर तापवा आणि तळाला बारीक बुडबुडे दिसताच कॉम्बू काढून घ्या. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि किंचित कडवट होतं. वाळलेल्या शिटाके मशरूमचे चार तुकडे वेगळ्या पाण्यात, फ्रिजमध्ये रात्रभर भिजवा. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कॉम्बूमधून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या भरदार चवीला उमामी म्हटलं. शिटाकेमधलं ग्वानिलेट हे दुसरं द्रव्य त्याच ग्लुटामेटची चव कितीतरी पट उठावदार करतं. म्हणून ही दोन्ही पाणी मिसळल्यावर नुसत्या बेरजेपेक्षा मोठी चव येते. शिटाकेचं पाणी गाळून घ्या, तळाशी माती असते. मशरूम काप करून लीकबरोबरच शिजू द्या. स्टॉक उरतो, तो दुसऱ्या दिवशीच्या सूपला.

चवीचे बदल करायचे तर क्रम तोच ठेवून करा. पांढरी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) हवी असेल तर झाकण काढल्यावरचा सोया सॉस वगळा आणि आच बंद केल्यावर एक टेबलस्पून मिसो थोड्या गरम रसात कालवून मिसळा. मिसो उकळली की तिचा वास मरतो. गोचुजांग (कोरियन मिरचीची आंबवलेली पेस्ट) घालायचं तर एक टेबलस्पून, तेही झाकण काढल्यावर. त्यात गोडी असतेच, म्हणून साखर पूर्ण वगळा आणि सतत हलवत राहा, कारण ते तळाला चटकन धरतं. चिनी वळणाचा रस हवा असेल तर मिरिनऐवजी शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), एक चक्रीफूल आणि साखर दोन चमचे. चक्रीफूल दहा मिनिटांनी काढून टाका, नाहीतर लीक औषधी लागतं.

प्रेशर कुकर मला या कामी अजिबात पसंत नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि एखाद-दुसऱ्या मिनिटाच्या फरकाने लीकचा गिळगिळीत लगदा होतो. दुप्पट-तिप्पट प्रमाण असेल तर ओव्हन बरा: तुकड्यांना रंग आणून झाल्यावर झाकलेल्या भांड्यात 160 अंशांवर 45 ते 50 मिनिटं, आणि रस नंतर शेगडीवर आळवायचा.

गडद हिरवी पानं या रसात घालू नका. त्यांच्या आत चिकट, बुळबुळीत द्रव असतो आणि तंतू फार राठ. त्यातली कोवळी पानं केसासारखी बारीक चिरून, पूर्ण कोरडी करून 160 अंशांच्या तेलात मिनिट-दीड मिनिट तळली तर वरून भुरभुरायला कुरकुरीत थर मिळतो. हिरवं असतानाच बाहेर काढा, तपकिरी झाली की कडू लागतात. फिकट हिरव्या तुकड्यांचा रंग मात्र शिजताना ऑलिव्हकडे झुकणारच. ते बिघडणं नाही.

भातावर, जाड नूडल्सवर, भाजलेल्या टोफूबरोबर किंवा वाफवलेल्या माशाखाली, कशाहीबरोबर हे लीक जमतं, आणि दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरलेली असते. रसासकट झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहतं. गरम करताना दोन टेबलस्पून पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा आणि व्हिनेगरचे दोन-चार थेंब पुन्हा घाला, कारण आधीचा आंबटपणा तोवर मावळलेला असतो.