तुम्ही विचारलंत म्हणून: थेरपी शिकायला सेमिनरी कशाला?

मी मॅरेज अँड फॅमिली थेरपी, म्हणजे जोडप्यांचं आणि कुटुंबांचं समुपदेशन, शिकले ती एका सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, म्हणून हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. इकडे लॉस एंजेलिसच्या मराठी लोकांत आणि पुण्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सूर असा असतो की मॅरेज अँड फॅमिली थेरपी म्हणजे सायन्स ना, मग ते सेमिनरीत कसं काय शिकवतात, आणि मग जरा थांबून, म्हणजे तुझ्याकडे येणाऱ्यांना तू येशूचं सांगतेस का. तिकडे नगरला उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात गाठतात आणि विचारतात, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, असताना तुला माणसांची पुस्तकं कशाला लागली गं. इतकी वर्षं दोघांनाही मी एकेका वाक्यात उत्तर देऊन सटकत आलेय. आता एकदा नीट लिहिते.

आधी पहिल्यांना. नाही, मी कुणाला येशूचं सांगत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नाहीतच. पहिल्या भेटीत जो कागद सही करायला देते त्यात मी कुठे शिकले ते लिहिलेलं असतं, नको वाटलं तर दुसऱ्या थेरपिस्टांची नावं देते, आणि श्रद्धेचा विषय समोरच्यानं काढल्याशिवाय मी काढत नाही. कॅलिफोर्नियात लायसन्स देतं ते राज्याचं बोर्ड, सेमिनरी नाही. देखरेखीखाली 3000 तास काम, बरेचसे डिग्रीनंतर, एकूणातले किमान 500 जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्याबरोबर, हे सगळं किमान 104 आठवड्यांत पसरलेलं, आणि दोन परीक्षा, एक कायदा आणि नीतीची, दुसरी क्लिनिकल. सरकारी युनिव्हर्सिटीतून आलेल्याला हेच आणि सेमिनरीतून आलेल्यालाही हेच. मुलावर अत्याचार होतोय असा वाजवी संशय आला तर लगेच फोन आणि 36 तासांत लेखी रिपोर्ट, तिथे माझा धर्म कोणता हे कुणी विचारत नाही. आणि हा काही कालचा उद्योगही नाही, पासाडेनाच्या फुलर सेमिनरीनं मानसशास्त्राचं वेगळं स्कूल काढलं ते 1965 मध्ये. मी शिकले ती सेमिनरी बरीच लहान होती, पण वाट तीच.

आता दुसऱ्यांना. पवित्र शास्त्र पुरे आहे असं म्हणणारे अमेरिकेतही आहेत, 1970 पासून तिथे एक अख्खा प्रवाहच आहे, त्यांचं म्हणणं की माणसाच्या दुखण्याचं मूळ पाप, औषध देवाचं वचन, फ्रॉइड वगैरेची गरज नाही. मी त्यांच्यात शिकले नाही. आमच्याकडे जो शब्द सारखा कानावर पडायचा तो इंटिग्रेशन, म्हणजे धर्मशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही टेबलावर ठेवायचं आणि कुणाला खाली ढकलायचं नाही. सकाळी जुना करार आणि दुपारी बोवेन, मिनुचिन, सॅटिर, हे फॅमिली थेरपीचे आद्य लोक. ऐकायला छान वाटतं. प्रवेशाच्या निबंधात मी लिहिलं होतं की देवाचं वचन आणि विज्ञान यांच्यात खरा विरोध नाहीच, दोन्ही सत्य एकाच देवाकडून येतं. ते लिहिणाऱ्या मुलीशी मी अजून भांडते. विरोध आहे गं, आणि तो पुस्तकांमध्ये नाही, माणसांच्या घरात आहे. ती मला म्हणते की मग तू अजून रविवारी चर्चला का जातेस. यावर मी तिला गप्प करू शकत नाही.

खरं उत्तर मला फक्त एका प्रसंगातून देता येतं, म्हणून तो सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी प्रत्येकाला आपल्या घराचा जिनोग्राम काढून वर्गासमोर मांडावा लागतो. तीन पिढ्यांचा नकाशा असतो तो, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, दोघांत भांडण असेल तर दातेरी रेघ, संबंध तुटले असतील तर मधेच तोडलेली. लग्नाच्या रेघेवर एक तिरकी रेघ मारली की वेगळे राहतात, दोन मारल्या की घटस्फोट. जो दुसऱ्यांची घरं उघडणार त्यानं आधी स्वतःचं उघडावं, हा त्यामागचा विचार. इतर कॉलेजांतही हे करतात. आमच्याकडे त्यावर आणखी एक थर होता, प्रत्येक पिढीत देवाबद्दल काय सांगितलं गेलं आणि कोणी कोणाला सांगितलं, तेही मांडायचं.

माझ्या कागदावर पणजोबा होते, त्यांचा बाप्तिस्मा, त्यांना भावकीनं टाकलं ते, मिशनच्या शाळेतली मास्तरकी. हे आम्ही लहानपणापासून अभिमानानं ऐकलेलं. आणि आत्या होती.

आत्याचं लग्न 1970 च्या दशकातलं. नवरा मारायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्येही, कारण एकदा ती हात प्लास्टरमध्ये घालून उपासनेला आली होती. दोनदा चर्चच्या पंचांनी आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे पास्टरांनी, बसून समेट केला, वचन वाचलं, प्रार्थना केली, आणि तिला परत पाठवलं. तिसऱ्यांदा आजोबांनी पाठवलं नाही. तेव्हापासून ती माहेरीच, शाळेत शिकवून रिटायर झाली. घटस्फोट झाला नाही, आणि त्या काळी तो सहजी होणारही नव्हता. ख्रिस्ती लोकांना लागू होता तो 1869 चा कायदा, त्यात नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोनं व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी सिद्ध करायचं. नुसत्या मारहाणीवर मिळायचं ते न्यायिक विभक्तपण, म्हणजे वेगळं राहायची परवानगी आणि लग्न कायम. कायद्यात हे बदललं 2001 मध्ये, परस्पर संमतीनं घटस्फोटही तेव्हाच आला. तोवर आत्याची पन्नाशी उलटली होती.

पप्पांना फोन केला तर म्हणाले, घरातलं परक्यांपुढे मांडायला तिकडे गेलीस का, आणि फोन ठेवला. मग आत्यालाच केला. मी भीतभीत विचारलं की तुझ्याबद्दल लिहू का. ती म्हणाली, लिही की, माझ्याबद्दल सगळ्यांना माहीतच आहे. फक्त त्यांचं, नवऱ्याचं, नाव घालू नकोस, ते अजून मंडळीचे सभासद आहेत, यंदा कमिटीवर घेतलंय त्यांना. मी म्हटलं, आत्या, तू दर रविवारी त्याच हॉलमध्ये बसतेस? ती म्हणाली, मी डावीकडे बसते.

वर्गात मी आत्याच्या रेघेवर एकच तिरकी रेघ मारली आणि कायद्याचं सगळं सांगितलं. अमेरिकन मुलं गप्प झाली होती. मागच्या बाकावर आमच्यातला एक जण होता, आधी पास्टर म्हणून काम केलेला, मनानं चांगला माणूस, खरंच चांगला, माझी गाडी बंद पडली तेव्हा तोच आला होता. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, मला आतून वाटतंय की आपण आत्ताच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, त्या दोघांच्या समेटासाठी, अजून उशीर झालेला नाही. आणि दोघा-तिघांनी डोळे मिटलेही.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. हात गार पडले एवढं आठवतं. नगरचा तो हॉल इतक्या लांब या एसी वर्गात येऊन बसला होता, तीच भाषा, तोच मायेचा आवाज.

प्राध्यापक बाईंनी त्याला थांबवलं. त्या स्वतः चर्चमध्ये वाढलेल्या, वडील मिशनरी. त्या म्हणाल्या, प्रार्थना नंतर, आधी ती काय म्हणाली ते तू मला परत सांग. त्याला सांगता येईना. त्याला छळ आठवत होता, समेट आठवत होता, पण दोनदा परत पाठवलं हे त्यानं ऐकलंच नव्हतं. बाईंनी माझ्याकडून ते वाक्य पुन्हा वदवून घेतलं आणि त्याला विचारलं, आता कशासाठी प्रार्थना करशील? तो बिचारा जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकावर आला, देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे. मी म्हटलं, वचन पुढं वाच, त्याच वचनात जुलमाचाही तिटकारा आहे, आणि ते सगळं बोलणं तरुणपणीच्या बायकोशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषांना उद्देशून आहे. हे मला पाठ होतं, संडेस्कूलमध्ये बक्षिसं मिळवलेली मी. पण ते मोठ्यानं म्हणायची जागा मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे मिळाली.

म्हणून सेमिनरी. साध्या युनिव्हर्सिटीत त्याला गप्प बसवलं असतं, धर्म वर्गाबाहेर ठेव असं सांगितलं असतं, आणि तो तेच समेटाचं खूळ मनात घेऊन लायसन्स मिळवून जोडप्यांसमोर बसला असता. माझाही राग तसाच आत राहिला असता. इथे दोन्ही टेबलावर आलं आणि देखरेखीखाली आलं. धर्म मानणारा थेरपिस्ट सेशनमध्ये तो घेऊनच बसतो, आणि न मानणाराही काहीतरी घेऊन बसतोच. ते काय आहे हे कुणी तपासायचं, एवढाच माझा मुद्दा.

पण गोष्ट इथे संपली असती तर मला सोपं गेलं असतं. बाईंनी मग मला विचारलं, तुझ्या मते तिला घटस्फोट मिळायला हवा होता, पण आत्या काय म्हणते? मी तिला विचारलंच नव्हतं. रात्री परत फोन केला. आत्या म्हणाली, 2001 नंतर वकील भेटले होते, भाऊ पैसे द्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. का? मी देवापुढे शपथ घेतलीय, त्यांनी मोडली म्हणून मी का मोडू. क्रॉसचं पदक असलेलं मंगळसूत्र ती आजही घालते.

आता सांगा मी काय समजायचं. ही तिची निवड म्हणायची, की पंचांनी इतकी वर्षं तिच्या कानात बसवलेलं तिच्या तोंडून येतंय? आमच्या व्यवसायाच्या नीतिनियमांत स्पष्ट आहे की लग्न, घटस्फोट, वेगळं राहणं, समेट, हे निर्णय क्लायंटचे, आणि तसं त्याला सांगणं थेरपिस्टचं काम. मी हा नियम मनापासून मानते. दुसऱ्या कुणाच्या आत्यासाठी मला तो लगेच पटतो. माझ्या आत्यासाठी मात्र मला अजून वाटतं की तिला जाऊन हलवावं. वर्गात माझ्या घराला एन्मेश्ड, म्हणजे एकमेकांत नको इतकं गुंतलेलं, म्हटलं तेव्हा मी चिडले होते, म्हटलं, नगरच्या घरात आजोबांनी मुलीला ठेवून घेतलं म्हणून ती जिवंत आहे, तुमच्या चार्टवर ज्याला गुंता म्हणतात त्यानंच तिला वाचवलं. हे खरं आहे. आणि त्याच गुंत्यातून पप्पांनी माझा फोन ठेवला होता, तेही खरं आहे.

सेमिनरीची बाजू घेतेय म्हणून जे वाईट होतं ते लपवत नाही. आचारसंहितेवर सही करावी लागायची, त्यात लग्न फक्त पुरुष आणि स्त्रीचं, आणि लग्नाबाहेर संबंध नाहीत असं लिहिलेलं. त्याच राज्यात 2012 मध्ये कायदा झाला की लायसन्स असलेल्यांनी अल्पवयीन मुलांची लैंगिकता बदलायचे उपचार करायचे नाहीत, आणि आम्हाला तो शिकवलाही गेला, नीट शिकवला गेला. पण क्लायंटचा स्वीकार करायला शिकवणारी जागा स्वतःच्या विद्यार्थिनीचा करू शकत नव्हती. आमच्यातली एक दुसऱ्या वर्षी सोडून गेली, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हातोटी होती तिची. मी सही केली आणि राहिले. मैत्रिणी विचारतात की तुला हे चाललं कसं, तर चाललं नाही, पण राहिले. आज परत तिथेच गेले असते का याचं उत्तर रोज वेगळं येतं.

आणि नगरच्या लोकांनो, कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार करणं ही काही परदेशी फॅशन नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1950 च्या दशकापासून मनोरुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना राहायला ठेवतात. केडगावला पंडिता रमाबाईंनी टाकलेल्या बायकांना आसरा दिला, तेव्हा परत नवऱ्याकडे जा असं सांगायला त्या बसल्या नव्हत्या. आपल्याच माणसांनी केलेलं आपण विसरलो.

गेल्या नाताळात पाळकसाहेबांनी विचारलं की लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी तू काही वर्ग घेशील का. मी हो म्हटलं, एक अट घातली. मुलीला आणि मुलाला आधी वेगवेगळं भेटणार, प्रत्येकाला एक तास, आई-वडील नाहीत, पंच नाहीत, आणि तिथे काय बोलणं झालं ते मी मंडळीला सांगणार नाही. पाळकसाहेबांना पटलंय असं दिसतं. कमिटीचं म्हणणं की एकत्र भेटा, लपवायचं काय आहे. मी अट सोडलेली नाही, पुढच्या मीटिंगला पुन्हा विषय आहे म्हणतात. त्या कमिटीवर कोण कोण बसतं ते मी वर लिहिलंच आहे.