तुम्ही विचारलंत म्हणून: महास्फोटाच्या आधी काय होतं?

साखळी असो, डिचोली असो की पेडण्यातली एखादी शाळा, व्याख्यान संपलं की पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. "टीचर, महास्फोटाच्या आधी काय होतं?" घरगुती कार्यात एखादी मावशी कोंकणीत विचारते, "मागीर ताचे आदीं कितें आशिल्लें?" मी "माहीत नाही" म्हणते आणि समोरचे चेहरे पडतात. परवा एका गृहस्थांनी चहाच्या वेळी गाठून सरळ विचारलं, "माहीत नव्हतं तर तासभर बोललात कशावर?" शेवटची बस सुटत होती, त्यामुळे उत्तर राहिलं. ते आता देते. थोडा राग आहे, तो लपवत नाही.

माझं "माहीत नाही" म्हणजे हात झटकणं नव्हे. विश्व तीन-चार मिनिटांचं होतं तेव्हा त्यात काय शिजत होतं ते आपल्याला माहीत आहे. साध्या द्रव्याचा वजनाने सुमारे चौथा भाग हेलियम व्हायला हवा असं गणित सांगतं, आणि आकाशात मोजलं तर तेवढाच मिळतो. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश आजही सगळ्या दिशांनी येतोय, तो १९६५ पासून मोजला जातोय. १३.८ अब्ज वर्षं मागे जायचं तर बहुतेक सगळा रस्ता पक्का आहे. अडतं ते अगदी टोकाला. एका सेकंदाचे, एकावर ४३ शून्यं देऊन होतील तितके भाग केले, तर त्यातल्या काही मोजक्या भागांपाशी.

तिथे आइन्स्टाइनचं समीकरण घनता अनंत आहे असं उत्तर देतं. १९५५ मध्ये अमलकुमार रायचौधुरींनी कलकत्त्यात बसून ज्या समीकरणाने याचा पाया घातला, त्याच्याच आधाराने १९७० पर्यंत पेनरोज आणि हॉकिंग यांनी दाखवून दिलं की हे अनंत काही हिशेबातल्या ढिलाईमुळे येत नाही, सिद्धांतातच आहे. अनंत हे उत्तर नव्हे. इथून पुढे माझं चालत नाही, असं सिद्धांत स्वतःच सांगतोय. पुढे जायचं तर गुरुत्व आणि अणूंच्या जगाचे क्वांटम नियम एकत्र बसवावे लागतात. तीच क्वांटम ग्रॅव्हिटी, आणि ती पूर्ण झालेली नाही.

"मग अंदाज तरी सांगा" म्हणणाऱ्यांना सांगते, अंदाज एक नाही, अनेक आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. आपल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी यांचं २००६ मधलं गणित म्हणतं की अनंत येतच नाही. आधीचं एक विश्व आकसत आलं, घनता एका कमाल मर्यादेला पोचली आणि तिथून ते उसळून पसरू लागलं. म्हणजे 'आधी' होतं. हार्टल आणि हॉकिंग यांचा १९८३ चा प्रस्ताव म्हणतो, त्या टोकाला काळाला काळपणच उरत नाही, त्यामुळे 'आधी' विचारण्यात अर्थ नाही. यातलं एक तुमच्या हातात देऊन मी टाळ्या घेऊ शकते. घेणार नाही.

का घेणार नाही, ते सांगायचं तर बाबांबद्दल सांगावं लागेल.

पुण्यात माझं संशोधन याच उसळीवर होतं. २०१२ च्या सप्टेंबरात इथल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. बाबांचे खनिज वाहणारे दोन टिपर होते, दोन्ही कर्जाचे. मी दिवाळीला घरी आले तेव्हा ते टिपर फणसाखाली उभे होते, टायर दबलेले, ताडपत्रीवर पानं कुजत पडलेली. बेळगावकडचा एकजण गाडी बघायला आला, बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि भाव सांगितला. बाबांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. काही बोलले नाहीत.

रात्री सोप्यावर बसलो असताना ते म्हणाले, "बाय, तू नेमकं काय करतेस ते आज मला सांग. उद्या बँकेत विचारतील, मुलगी काय करते म्हणून." जवळ एक कोरं चलान पडलं होतं. त्याच्या पाठीमागे मी आलेख काढला. खाली येणारी रेषा, शून्याला न टेकता वळून परत वर जाणारी. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन ट्रिपांची वही घेऊन आले. पानावर दोन रकाने होते, एक खाणीवरच्या काट्याचा, एक जेटीवरच्या काट्याचा. "खाणीवर वजन होतं. जेटीवर परत होतं. दोन्ही जुळलं तर ट्रिप माझी. तुमचा हा एक काटा मला दिसला. दुसरा कुठे आहे?"

मी म्हटलं, गणित आतून सुसंगत आहे, कुठेच विरोध येत नाही. ते म्हणाले, "तो पहिलाच काटा झाला. त्याच काट्यावर परत गाडी चढवलीस."

दुसरा काटा का नाही, हे मला आकड्यात माहीत होतं. जिनिव्हाजवळच्या एलएचसी यंत्रात जेवढ्या ऊर्जेला कण आदळतात, ही उसळी थेट तपासायला त्याच्या एकावर १५ शून्यं एवढ्या पट ऊर्जा हवी. तेवढं सांगितलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. मी म्हटलं, "तुम्हाला ते कळणार नाही."

त्यांनी वही मिटली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी एक टिपर गेला. ते वाक्य मी आजवर परत घेतलेलं नाही, त्यांनी मागितलेलंही नाही. जेवताना आम्ही सगळ्या विषयांवर बोलतो, त्या रात्रीवर नाही.

लोक समजतात मी पैशांसाठी परत आले. मी कधी खोडलं नाही, कारण ते समजायला सोपं आहे आणि अर्धं खरंही आहे. उरलेलं अर्धं म्हणजे, पीएचडीचं शेवटचं प्रकरण लिहिताना प्रत्येक समीकरणाखाली मला तो दुसरा रिकामा रकाना दिसायला लागला. पुण्यातली मी याला भित्रेपणा म्हणेल. ती म्हणेल, गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, १९१६ मध्ये कागदावर आल्या आणि सापडल्या २०१५ मध्ये. मधली ९९ वर्षं कुणी तो कागद फाडून टाकला का? शिवाय पहिला काटा काही साधा नाही, नव्या सिद्धांतातून मोठ्या अंतरांवर आइन्स्टाइनचे सगळे निकाल परत मिळाले पाहिजेत, आणि तिथेच किती सिद्धांत गळतात. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. ती चुकीच्या वाटेला होती असंही मी म्हणणार नाही.

१७ मार्च २०१४ ला वाटलं, दुसरा काटा मिळाला. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं की त्या आदिप्रकाशात अगदी सुरुवातीच्या गुरुत्वलहरींचा ठसा दिसतो. त्या लहरींचं मूळ क्वांटम थरथरीत मानलं जातं, म्हणून आमच्यासाठी ही मोठीच बातमी होती. मी अंगणातच बाबांना सांगितलं. "दुसरा काटा?" त्यांनी विचारलं. मी "बहुतेक" म्हटलं. २०१५ च्या जानेवारीत प्लँक उपग्रहाच्या मोजमापांशी ताळा घेतला, तेव्हा दिसलं की तो ठसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो. खाणीच्या रस्त्यावर जन्म गेलेल्या माणसाला धूळ समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी विचारलं ते असं, की धुळीचा उजेड वेगळा ओळखला कसा? मी सांगितलं, बायसेप-२ ने एकाच कंप्रतेवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, पाहिलं होतं, १५० गिगाहर्ट्झ. धूळ वरच्या कंप्रतांना जास्त उजळते, आणि प्लँकने ती ३५३ वर मोजली. "म्हणजे दुसरा काटा लावलाच की," बाबा म्हणाले, आणि मोटार चालू करून पोफळींना पाणी सोडायला गेले.

"हे विषय गोव्यात कशाला" असंही कुणीतरी दरवेळी म्हणतं. १९८७ च्या डिसेंबरात गुरुत्व आणि विश्वशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यातच भरली होती, २०११ मध्ये पुन्हा भरली. त्यावर अधिक बोलायची माझी इच्छा नाही.

तुमच्या प्रश्नापेक्षा खूप लहान एक प्रश्न मात्र टेबलावर तपासता येईल अशी आशा आहे. २०१७ मध्ये सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो आणि वेद्रल यांनी, एक प्रयोग सुचवला. दोन अतिसूक्ष्म कण, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी असल्याच्या क्वांटम अवस्थेत, एकमेकांजवळ ठेवायचे. मध्ये फक्त गुरुत्व. तेवढ्याने ते क्वांटम पद्धतीने एकमेकांत गुंतले, तर गुरुत्वही क्वांटमचे नियम पाळतं, याचा भक्कम पुरावा मिळेल. प्रयोग फार अवघड आहे, अजून झालेला नाही. झाला तरी महास्फोटाच्या आधी काय होतं ते त्यातून कळणार नाही, उसळी खरी की हॉकिंग खरे तेही नाही.

बाबांना हा प्रयोग मी सांगितला आहे. त्यांनी विचारलं, कण गुंतले ते गुरुत्वानेच, दुसऱ्या कशाने नाही, हे कसं ठरवणार? विजेचं आकर्षण रोखायच्या उपायांबद्दल मी वाचलेलं सगळं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही.