खुर्चीवरून न उठलेले डॉक्टर

बॅजवरचे क्यूआर कोड स्कॅन करून हजेरी नोंदवणे हा माझा व्यवसाय आहे. आमची बहुतेक कामे डॉक्टरांच्या अधिवेशनांची असतात, कारण तिथे हजेरीला किंमत असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना अशा अधिवेशनांना हजर राहून मिळवलेले, पाच वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. त्यामुळे हॉलमध्ये कोण बसले आणि सही करून बाजारात कोण गेले, याची नोंद आयोजक आमच्याकडून मागतात. गेल्या वर्षी एका जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या अधिवेशनात याच नोंदीने एका वयस्कर डॉक्टरांवर जो अन्याय केला, तो मला अजून पचलेला नाही.

त्या दिवशी आमच्या तयारीत काही कमी नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. बॅजवरच्या कोडमध्ये नाव, हुद्दा, मोबाइल, ईमेल असे सगळे कोंबायची अनेकांना हौस असते. मजकूर वाढला की चौकोनी घरे बारीक होतात, दारात स्कॅनर अडखळतो आणि कोडचा फोटो काढणाऱ्या कोणालाही डॉक्टरांचा नंबर आयता मिळतो. आम्ही कोडमध्ये फक्त दहा अक्षरी क्रमांक ठेवतो. इंग्रजी मोठी अक्षरे आणि आकडे एवढेच वापरले, तर तो २१ गुणिले २१ घरांत बसतो, आणि सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सर्वांत वरची दुरुस्तीक्षमताही ठेवता येते. कोडभोवती चारही बाजूंना चार घरांइतकी कोरी पांढरी जागा लागते. ही जागा मोकळी राहावी म्हणून दर वेळी डिझाइन करणाऱ्यांशी वाद घालावा लागतो, कारण त्यांना नेमकी तिथेच वेलबुट्टी हवी असते. चकचकीत लॅमिनेशन आम्ही करू देत नाही, कारण हॉलच्या दिव्यांखाली त्यावर उजेड चमकतो आणि कोड वाचला जात नाही.

एका बाबतीत मात्र आमचे चालले नाही. गळ्यातल्या पट्टीला अडकवलेला बॅज सारखा उलटा फिरतो, म्हणून कोड दोन्ही बाजूंना छापावा, असे मी प्रत्येक आयोजकांना सांगतो. इथे मागची बाजू प्रायोजक औषध कंपनीला जाहिरातीसाठी दिलेली होती. चहानंतर शेकडो माणसे दोन दारांतून एकदम आत येतात, तेव्हा प्रत्येकाचा बॅज सरळ करण्यात जाणारे दोन-तीन सेकंदही जड जातात. स्कॅनर घेऊन उभी असलेली कॉलेजची मुले ज्येष्ठ डॉक्टरांच्या गळ्याला हात लावायला बिचकतात आणि मागची रांग ओरडू लागते. तरीही त्या दिवशी मुलांनी काम नेटाने केले, असेच मी म्हणेन.

संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटताना एक डॉक्टर आमच्या टेबलापाशी आले. वय सत्तरीकडे झुकलेले, तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. ठरावीक सत्रांना हजेरी असल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचे नाही, असे आयोजकांनी ठरवले होते आणि यांच्या नावापुढे दोन सत्रे कोरी होती. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मी सकाळपासून जागचा हललो नाही, आणि तुमचं मशीन म्हणतंय मी नव्हतोच?"

"सर, पाच मिनिटं बसा, मी बघतो," असे म्हणून मी नोंदी उघडल्या. सकाळी पहिल्या सत्राला त्यांची नोंद होती, जेवणानंतर होती, दोन्ही चहांनंतरची मात्र नव्हती. त्यांच्याशी बोलल्यावर उलगडा झाला. गुडघ्यांमुळे ते चहाच्या दोन्ही सुट्ट्यांत खुर्चीवरच बसून राहिले होते आणि शेजारच्यांनी त्यांना चहा जागेवर आणून दिला होता. आमची हजेरी दारात होते. जो दारातून आत आला तो हजर. जो उठलाच नाही, त्याची नोंद होण्याची सोयच आमच्या पद्धतीत नव्हती.

त्याच नोंदी चाळताना दुसरे दृश्य समोर आले. प्रत्येक स्कॅनबरोबर यंत्राचा क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ साठवली जाते. माणसे कितीही घाईत आली तरी एका स्कॅनरवर दोन नोंदींमध्ये चार-पाच सेकंद जातात. सकाळच्या चहानंतर मात्र एकाच स्कॅनरवर चौदा बॅज अर्ध्या मिनिटाच्या आत नोंदले गेले होते. दारावरच्या मुलीला विचारले, तेव्हा तिने लगेच सांगितले की एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, हातात बॅजचा जुडगा घेऊन आला होता आणि "सगळे सर येतच आहेत, मागे आहेत," असे म्हणाला होता. ते सर आले नाहीत. त्यांची प्रमाणपत्रे मात्र छापून तयार होती.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली तयार झाला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कारखान्यातला खोका आपले लेबल दुसऱ्या खोक्याच्या हाती देऊन बाहेर जात नाही. अधिवेशनात नेमके तेच होते, आणि आयोजकांपासून प्रायोजकांपर्यंत सर्वांना ते ठाऊक असते.

मी आयोजन समितीच्या सचिवांकडे गेलो. "एकाचं हातानं केलं की उद्या रांग लागेल," हे त्यांचे पहिले उत्तर. हॉलमधले चित्रीकरण आमच्याच माणसाकडे होते. ज्या दोन सत्रांत नोंद नव्हती, त्या दोन्हींत हे डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसलेले दिसत होते आणि एका सत्रात त्यांनी इन्शुलिनच्या मात्रेबद्दल माइक घेऊन प्रश्नही विचारला होता. ते दाखवल्यावर सचिव म्हणाले, "बरं, त्यांचं करून टाका. ते चौदा मात्र राहू देत, आपलीच माणसं आहेत."

डॉक्टरांना प्रमाणपत्र मिळाले. चौदा जणांच्या नोंदींची वेगळी यादी मी अहवालाला जोडून दिली होती. समितीने ती काढून टाकून उरलेला अहवाल पुढे पाठवला आणि त्यावर आमच्या संस्थेचा शिक्का आहे. हे मला सर्वांत जास्त सलते. माझ्या आकड्यांना संगणकाचे म्हणून जे वजन मिळते, ते त्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरांच्या विरुद्ध वापरले गेले आणि रिकाम्या चौदा खुर्च्यांच्या बाजूने.

आता मी प्रत्येक दरपत्रकात एक ओळ घालतो: सत्र सुरू असताना, वेळ आधी जाहीर न करता, रांगांमधून फिरून बसलेल्या माणसांचे बॅज स्कॅन केले जातील आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत. दोन संघटनांनी ते मान्य केले आहे. ज्या संघटनेची ही हकिकत आहे, तिच्या यंदाच्या मागणीपत्रात "फक्त प्रवेशद्वारावर स्कॅनिंग" असे लिहिलेले आहे. माझी ओळ तशीच ठेवून मी त्यांना दरपत्रक पाठवले आहे.