फातोर्ड्याची फायनल: बेळगावहून मडगाव आणि हरून परत

१८ मार्च २०२३. आयएसएलची (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) फायनल, एटीके मोहन बागान विरुद्ध आपली बंगळूर एफसी, आणि तीही मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर! संघाच्या घरच्या मैदानावर, बंगळूरच्या कंठीरवाला, मॅच बघायची तर बेळगावहून रात्रभर प्रवास. मडगाव मात्र घाट उतरला की आलंच. "जाऊया की!" एवढंच बोलणं झालं आणि गाडी निघाली. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे: २-२, मग शूटआउटमध्ये ४-३ ने हार. तरीही फातोर्ड्याला मॅच बघायला जरूर जा. त्यासाठीच हे लिहितोय.

आम्ही खानापूर, रामनगर, अनमोड, मोले, सावर्डे असे गेलो. तीन-साडेतीन तास धरा आणि वर एक तास हाताशी ठेवा. चहा रामनगरला घ्या, पुढे घाट आणि अभयारण्य आहे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरायचा मोह होतो, पण तो रस्ता सांखळीला निघतो. पणजी-म्हापशाला ठीक, मडगावला वळसाच. रेल्वेने लोंढा-कॅसलरॉक-कुळे हा प्रवास देखणा आहे, दूधसागर डब्यातून दिसतो. पण घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, वर येताना गाडीला जादा इंजिनं लावतात, आणि वेळ मागेपुढे होतो. मॅचच्या दिवशी शेवटच्या क्षणी पोचणारी गाडी धरू नका.

मडगावचा कदंबा बसस्टँड स्टेडियमपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. कोकण रेल्वेचं स्टेशन तेवढं जवळ नाही, तिथून रिक्षा करा. बॅग, पाण्याची बाटली आणि हेल्मेट यांची सोय आधीच लावा, गेटवर हुज्जत घालून उपयोग होत नाही. आणि तिकीट काढताना आपले लोक कुठल्या स्टँडला बसणार ते विचारून घ्या. मोहन बागानच्या हिरव्या-मरून गर्दीत एकट्याने आपली निळी जर्सी घालून बसण्यात धोका काही नाही, पण गोल झाल्यावर मिठी मारायला कुणीतरी हवं!

आता मॅच. लीगचे शेवटचे आठही सामने जिंकून संघ इथवर आला होता, सेमीफायनलला मुंबई सिटीला शूटआउटमध्ये ९-८ ने हरवून. त्यामुळे पेनल्टीची भीती आमच्या मनात नव्हतीच. पण सुरुवातीच्या मिनिटांतच आपला स्ट्रायकर शिवशक्ती जायबंदी होऊन बाहेर गेला आणि सुनील छेत्रीला लगेच उतरावं लागलं. १४व्या मिनिटाला आपल्या रॉय कृष्णाच्या हाताला बॉल लागला, मोहन बागानच्या पेत्रातोसने पेनल्टीवर गोल केला. हाफटाइमच्या तोंडावर छेत्रीने पेनल्टीवरच बरोबरी केली. ७८व्या मिनिटाला त्याच कृष्णाने, स्वतःच्याच जुन्या क्लबविरुद्ध, हेडरने गोल केला. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

पुढची सात मिनिटं आम्ही चॅम्पियन होतो.

८५व्या मिनिटाला आपल्या पाब्लो पेरेझने त्यांच्या कियान नासिरीला पाडलं आणि रेफ्रींनी पेनल्टी दिली. आमच्या स्टँडमध्ये सगळे ओरडत होते, फाउल बॉक्सबाहेर आहे म्हणून. व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) आयएसएलमध्ये नव्हता, तेव्हा जे दिलं ते दिलं. पेत्रातोस पुन्हा चुकला नाही. माझं मत मात्र स्पष्ट आहे: खापर रेफ्रींवर फोडून चालणार नाही. आघाडी घेतल्यावर आपण मागे सरकलो. बॉल त्यांच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची ती वेळ होती, आणि आपण तो त्यांच्या पायात देत राहिलो.

शूटआउटमध्ये आपल्या ब्रूनोची पेनल्टी त्यांचा गोलकीपर विशाल कैथने अडवली. त्यांचे चारही जण चुकले नाहीत, त्यात गोव्याचाच लिस्टन कुलासोही होता. शेवटी पाब्लोचा बॉल बारवरून गेला. ज्याच्या फाउलवर बरोबरी झाली, त्याच्याच पायावर शेवट यावा! त्याला शिव्या देणारे तिथे होते, पण मला त्या पटल्या नाहीत. पाचवी पेनल्टी घ्यायला पुढे येतो त्याच्यात धमक असते. छेत्री हरलेल्या संघात उभा होता, ते बघणं सगळ्यात अवघड गेलं. तरी आम्ही बक्षीस समारंभ संपेपर्यंत थांबलो. संघ स्टँडकडे येतो तेव्हा टाळ्या वाजवायला माणसं हवीत, विशेषतः हरल्यावर.

म्हणूनच परतीचा बेत त्या रात्रीचा ठेवू नका. मॅच जादा वेळेत गेली की दहा वाजून जातात, पुढे समारंभ. हरलेल्या मनाने आणि जडावलेल्या डोळ्यांनी अनमोड चढू नये. तिथे रात्री गवे रस्त्यावर येतात. मडगावात स्वस्त लॉज मिळतात, पण फायनलला आधीच सांगून ठेवा. रात्री गाड्यावर रस-ऑमलेट (तिखट रश्श्यातलं ऑमलेट) खा, पोटात गरम काही गेलं की बोलणं सुचतं. आमचं पाब्लोवरून भांडण तिथेच मिटलं. सकाळी निघताना गाडीत दारूच्या बाटल्या ठेवू नका, हद्दीवर तपासणी होते आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो.

फातोर्ड्याला फायनल दरवर्षी थोडीच असते. पण बंगळूर एफसी तिथे एफसी गोवाविरुद्ध खेळायला येते तेव्हा जा, त्या मॅचला तिकीट सोपं जातं. कंठीरवाला जायचं असेल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगावहून रात्री बसा, सकाळी बंगळूर. स्टेडियमला कब्बन पार्क मेट्रो जवळ पडते, आणि वेस्ट ब्लॉक या कट्टर पाठीराख्यांच्या स्टँडमधल्या पोरांना आपण बेळगावचे म्हटलं की जागा करून देतात. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागलं की आम्ही निघणार आहोत. कुणाला यायचं असेल तर तिकीट काढायच्या आधी सांगा, सगळ्यांच्या सीटा एकत्र घेऊ.